बिनचेहऱ्याच्या मेंढपाळाचा पंचनामा

तहसील कार्यालयाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. या टेबलावरून शासनदरबारी गेलेले काही अर्ज नामंजूर झाले असतील, ते मी नाकारत नाही. परंतु 'अर्थबोध होत नाही' असा शेरा घेऊन एकही अर्ज आजवर परत आलेला नाही. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढे न शिकण्याचे कारण असे की, गुरुजींना जे शिकवायचे होते आणि मला जे समजून घ्यायचे होते, त्यांत तफावत पडू लागली. आज पदवीधर माणसे माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसून "हे कसं मांडायचं?" असे विचारतात, तेव्हा त्या गुरुजींबद्दल मी मनात काहीही वाईट आणत नाही.

माझ्या कामाचे दोन नियम आहेत. पहिला नियम असा की, ज्या अर्जात ठोस कारण नाही तो अर्ज मी लिहीत नाही. आवारातले इतर अर्जनवीस वाट्टेल त्या अर्जात 'घरगुती कारणास्तव' असे दोन शब्द ठोकून मोकळे होतात. मी ते शब्द माझ्या लेखणीला शिवू देत नाही. ज्या घरात कारण आहे त्या घरात ते सांगण्याची भाषाही असली पाहिजे, आणि नसेल तर ती पुरवण्यासाठी मी बसलेलो आहे. दुसरा नियम असा की, लिहिलेला अर्ज अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याला तो समजला की खाली तसे नमूद करायचे, आणि मगच सही किंवा अंगठा घ्यायचा. माणूस स्वतःच्या मनातले दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो तेव्हा तो वेगळाच दिसू लागतो. हे मी अनुभवाने सांगतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका सकाळी, सोयगावकडचा एक मेंढपाळ माझ्या बाकड्यावर येऊन बसला. वयाने माझ्याएवढाच, परंतु उन्हाने माझ्यापेक्षा पुढे गेलेला. अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, मांडीवर रिकामी पिशवी. आता मेंढरं थोडीच राहिली आहेत आणि हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला जावे लागते, हे त्याने न विचारता सांगितले. जे सांगायला आला होता ते मात्र विचारावे लागले.

"काय लिहायचंय पाहुणे?"

"पोरीचं नाव काढायचंय कालिजातून."

"कारण?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिले. मग सदऱ्याच्या खिशातून त्याने मोबाइल काढला, प्लास्टिकच्या पिशवीतून सोडवला आणि माझ्यापुढे धरला. "ह्ये कारण."

पडद्यावर एका चित्राचा फोटो होता. त्याची मुलगी शहरातल्या कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. तिथे मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन लागले होते, आणि गावातल्या कोणा नातलगाने तिच्या चित्राचा फोटो गावभर फिरवला होता.

"पारावर येकमेकाला दाखवायलेत," तो म्हणाला. "म्हनतेत, पोरगी शहरात गेली अन् बापाचं तोंडच पुसून टाकलं. बघा तुमीच. घोंगडी माझी हाय, काठी माझी हाय. तोंड कुठंय?"

त्याचा बेत पक्का होता. अर्ज लिहून घ्यायचा, महाविद्यालयात द्यायचा, वसतिगृहातून मुलीला सामानासकट घ्यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने गाव गाठायचे. मुलीला यातले काही ठाऊक नव्हते.

मी चष्मा पुसला आणि चित्र पाहिले. एक प्रचंड इसम काळ्या घोंगडीत चाललेला. जिथे चेहरा असायला हवा तिथे कमानीचा दरवाजा, आणि दरवाजातून आत खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. इसमाच्या मागे मेंढरांच्या सावल्या, आणि मेंढरे मात्र कुठेच नाहीत. एका बाजूला मोठा घुमट उलटा पडलेला, त्यात पाणी भरलेले, आणि सावल्या त्यात तोंड घालून पाणी पीत होत्या. बाभळीला सुगरणीच्या खोप्यांसारख्या किल्ल्या लोंबत होत्या. आणि इसमाच्या काठीला दोरीने चंद्र बांधलेला होता.

अनेकांना असे चित्र पाहून घाम फुटतो. मला फुटला नाही. चित्राचा अर्थ लावणे आणि दस्तऐवजाचा अर्थ लावणे, यांत मला मूलतः भेद दिसत नाही. दोन्हींत कोणीतरी कोणाकडे तरी काहीतरी मागत असते. मी बोट ठेवून एकेक बाब स्पष्ट करू लागलो.

"हे पाहा. दरवाजा आला म्हणजे मालकी आली. किल्ल्या बाहेर झाडावर आहेत, म्हणजे ताबा मालकाकडे नाही. घुमटावर जनावरे सोडली आहेत, ही विनापरवाना चराई. आणि चंद्र दोरीने बांधून ठेवला आहे, तो जप्त मुद्देमाल. हे सरळसरळ जागेच्या वादाचे चित्र आहे."

माझ्या शेजारच्या टेबलावर मुद्रांक विक्रेते बसतात. वयाने वडील, अंगात कायम करडे जाकीट. ते मला 'मुन्शीजी' म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. त्यांनी मान लांब करून मोबाइलमध्ये पाहिले.

"क्या मुन्शीजी, चाँद को जप्त किये? रातको पंचनामा किसने लिखा?"

"आपण मुद्रांक विका," मी म्हणालो.

"बेच रहा हूँ ना. पन चाँद पे कित्ते का स्टाम्प लगता, वो तो बताओ."

मेंढपाळाला हसू आले असावे, कारण त्याने टोपी सारखी केली. परंतु लगेच तो पुन्हा मूळ मुद्द्यावर आला. "लिवा सायेब. गाडी चुकंल."

मी कागद घेतला आणि त्याच्या सांगण्याबरहुकूम पहिला मसुदा तयार केला. नियमानुसार वाचूनही दाखवला: "अर्जदार विनंतीपूर्वक सादर करतो की, अर्जदाराची मुलगी आपल्या महाविद्यालयात अंतिम वर्षात शिकत असून, तिने काढलेल्या चित्रात अर्जदारास तोंड दाखविलेले नाही. सबब, तिचे नाव पटावरून कमी करण्यात यावे."

तो ऐकून घुटमळला. "ह्ये वाचून प्राचार्य हसतील का नाय?"

"हसण्याचा प्रश्न नाही. आपण हेच सांगितलेत."

"सांगितलं खरं. पर कागदावर लई बारकं दिसतंय ते."

हे त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले. मी दुसरा मसुदा घेतला. यात मी विषयाला वजन दिले: "सदर मुलीच्या मनावर शहरी वातावरणाचा अनिष्ट परिणाम झाला असून, तिचे मानसिक संतुलन..."

"थांबा, थांबा!" तो बाकड्यावरून उठलाच. "संतुलन काय? माझ्या पोरीचं डोकं ठीक हाय. पाचवीत होती तवा मेंढरं मोजायची, माझ्याआधी. कुणी सांगितलं तुमाला?"

"गावचे लोक म्हणतात असे आपणच..."

"गावाचं लिवायला मी कवा सांगितलं? गाव येईल का सही कराया?"

मुद्रांक विक्रेत्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "अरे मुन्शीजी, क्यूँ गरीब को घुमा रहे? 'घरगुती कारणास्तव' लिखो, छुट्टी करो. प्राचार्य भी नई पूछेंगे, गाँव भी नई पूछेंगा."

मेंढपाळाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "व्हय व्हय. तेच लिवा सायेब. घरगुती. ते झाकलेलं बरं."

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दोन शब्द लिहिले असते, सही झाली असती, आणि कोणत्या तरी वसतिगृहात एका मुलीने दुपारी आपली ट्रंक भरली असती. कारण विचारायला कोणी आले नसते, कारण त्या दोन शब्दांचे कामच मुळी कोणी विचारू नये हे आहे. मी त्या मुलीचे भले केले असे पुढे काही जण म्हणाले, आणि मी त्यांना अडवले नाही. परंतु त्या वेळी मुलगी माझ्या ओळखीचीही नव्हती. मी एवढेच म्हणालो, "ते शब्द या टेबलावर लिहिले जात नाहीत."

"मंग शेजारच्या टेबलावर लिवून घेतो."

"घ्या. परंतु एक सांगतो. आपण ज्या चित्रावरून हा निर्णय घेत आहात ते मोबाइलवर तळहाताएवढे आहे, आणि कोणी पाठवले, कसे कापले, काही ठाऊक नाही. जागेच्या वादात असा फोटो पुरावा म्हणून कोणी मानत नाही. तिथे स्थळ पाहणी करतात, दोन पंच नेतात, पंचनामा होतो. चित्र ज्या भिंतीवर आहे तिथे जाऊन पाहू. कारण सापडले तर तिथेच अर्ज पुरा करून देतो."

"अन् दुसरा पंच?"

मी शेजारी पाहिले. मुद्रांक विक्रेते आधीच टेबलाच्या कप्प्याला कुलूप लावत होते. "जिंदगीभर जमीन के पंचनामे देखा," ते म्हणाले. "तस्वीर का नहीं देखा."

आम्ही तिघे रिक्षाने निघालो. वाटेत मेंढपाळ रिकाम्या पिशवीची घडी घालत आणि मोडत होता. एका चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मात्र स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, "फोनवर सांगत हुती कायतरी. कुठलं तरी पुस्तक वाचलं, सावल्या चारणाऱ्याचं. मी दमून आल्यालो. ऐकता ऐकता डोळा लागला." मी हे मनात नोंदवून ठेवले.

महाविद्यालयाच्या दालनात दुपारी गर्दी नव्हती. भिंतींवर अनेक चित्रे होती आणि त्यांतील बहुतेकांना मी तूर्त बाजूला ठेवले. आमचे चित्र टोकाच्या भिंतीवर होते, आणि ते माणसापेक्षा उंच होते. मोबाइलमध्ये जे तळहाताएवढे दिसले ते इथे आपल्याकडे चालत येत होते. मी पंचनाम्याचा कागद काढला खरा, परंतु पहिली ओळ लिहायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

चित्राशेजारी स्टुलावर एक सडपातळ मुलगी बसली होती, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेली, नखांत निळा रंग. बापाला पाहताच ती धडपडत उठली.

"आप्पा? तुम्ही इथं कसं काय? आय बरी हाय ना?"

"बरी हाय."

"मंग?"

 बाप चित्राकडे पाहत राहिला. मी पुढे झालो आणि आपला परिचय दिला. "आम्ही सदर चित्राच्या स्थळ पाहणीसाठी आलो आहोत."

"कशाच्या?"

"घबराओ नक्को बेटा," मुद्रांक विक्रेते म्हणाले. "मुन्शीजी तुम्हारे चाँद की जप्ती करने को आये."

मी मुलीला माझे विवेचन ऐकवले: मालकी, ताबा, चराई, मुद्देमाल. तिने ओठ दाबून सगळे ऐकले. शेवटी म्हणाली, "काका, खरं सांगते, हे मला सुचलंच नव्हतं." मी मान लववून हा अभिप्राय स्वीकारला. मुद्रांक विक्रेते त्या वेळी खिडकीकडे तोंड करून का उभे राहिले, ते मला माहीत नाही.

तेवढ्यात मेंढपाळ चित्राच्या अगदी जवळ गेला. काठीला चंद्र जिथे बांधला होता तिथे त्याने बोट नेले.

"आप्पा, हात नका लावू."

"कोकराला बांधतो ती गाठ हाय ही."

"व्हय."

"चांदाला घातली?"

"मोकळा सोडला असता तर गेला असता कुठंबी."

तो थोडा मागे सरला. मग ज्यासाठी पहाटे एसटीत बसला होता ते त्याने विचारले, आणि आवाज इतका खाली आणला की आम्ही दोघे पंच आपोआप पुढे झुकलो. "ह्यो मी हाय का?"

मला वाटले, मुलगी काहीतरी सारवासारव करील. कलेत असे नसते, हे कोणीही असू शकते, वगैरे. तिने तसे काही केले नाही. "व्हय आप्पा. तुम्हीच."

"मंग माझं तोंड का पुसलं?"

"पुसलं नाय. आलंच नाय."

आणि मग तिने सांगितले. तिने एक अद्भुत कादंबरी वाचली होती. त्या कादंबरीतल्या नगरात माणसांच्या सावल्यांना रोज चरायला न्यावे लागते, नाहीतर त्या वाळतात. एक मेंढपाळ अंधार पडला की दारोदार फिरून सगळ्यांच्या सावल्या गोळा करतो, माळावर नेतो, पाणी पाजतो आणि पहाटे ज्याची त्याला परत आणून देतो. नगरातल्या कोणीही त्याचा चेहरा पाहिलेला नाही, कारण तो येतो तेव्हाही अंधार आणि जातो तेव्हाही अंधार.

"वाचताना मला तुम्हीच दिसायला लागले. मी निजलेली असतानाच तुम्ही जाणार, यायला रात. सुट्टीत आले तरी तुम्ही कळपाच्या पुढं, मी मागं. घोंगडी मी डोळं मिटून काढते. चालनं काढते. तोंड काढाया बसले अन् येतच नाय. लई येळा काढलं, खरवडलं. दर येळी फोटोतलं यायचं, आधार कार्डावरचं. ते काय तुमचं तोंड हाय का?"

मेंढपाळाने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "ते तर चोरावानी आलंय."

"हां. मंग म्हनलं, जे ठाऊक नाय तिथं खोटं काढण्यापरीस दार ठेवावं."

मुद्रांक विक्रेते हळूच म्हणाले, "वाह."  पायऱ्या उतरत जाणारा तो दरवाजा मी नव्याने पाहत होतो, आणि माझ्या पंचनाम्यातील 'मालकी' या शब्दाखाली मी बारीक रेघ मारली. सांगायला हरकत नाही, क्षणभर मला तो इसम अर्जनवीसही वाटला. दिवसभर लोकांच्या सावल्या राखायच्या आणि स्वतःचे तोंड कोणी पाहिलेले नसायचे. परंतु ते माझे खाजगी मत झाले.

कर्तव्य मात्र विसरता येत नाही. मी घसा साफ केला. "पाहुणे, अर्जाचे काय करायचे? कारण सापडले की नाही?"

"कसला अर्ज?" मुलीने विचारले.

मी मेंढपाळाकडे पाहिले, मेंढपाळाने टोपी काढून हातातल्या टोपीकडे. मग त्याने खरे ते सांगितले. मी असतो तर जरा मांडणी केली असती. "तुझं नाव काढाया आलतो. सांजच्या गाडीनं न्यायाला."

तिचा चेहरा उतरला. नखांतला निळा रंग ती अंगठ्याने खरवडत राहिली. रडेल, भांडेल, हात जोडेल, अशा तिन्ही शक्यता मी गृहीत धरल्या होत्या. तिने कोपऱ्यातले स्टूल ओढले आणि खिडकीपाशी उजेडात ठेवले.

"काढा नाव," ती म्हणाली. "मी न्हाय म्हणत नाय. पर आदी हितं बसा. घरी गेल्यावर तुम्ही पुन्हा पुढं अन् मी मागं. मला एकदा समोरून बघू द्या."

"आत्ता?"

"आत्ताच."

"माणसं हायेत हितं."

"माणसं न्हायेत. ते पंच हायेत."

तो बसला. बसला म्हणजे स्टुलावर रोवला गेला. दोन्ही हात गुडघ्यांवर, छाती पुढे, डोळे सताड. मुलगी वही उघडून समोर बसली आणि म्हणाली, "आप्पा, श्वास घ्या. आधार कार्ड न्हाय ह्ये."

"मंग कसं बसू?"

"मेंढरू चुकल्यावर माळाकडं बघता तसं बघा."

"चुकलं असलं तर मी बसत नसतो."

"बरं, सापडलं असं समजा."

यावर तो हसला, आणि ती लगेच कागदावर वाकली. पुढच्या वेळात त्या दोघांत जे बोलणे झाले ते बहुतेक मेंढरांबद्दल होते, आणि माझ्या दृष्टीने त्यात नोंद घेण्यासारखे काही नव्हते. तरीही मी ऐकत होतो. कोणती व्याली, कोणती लंगडते, आई गुडघ्याला काय लावते. बोलता बोलता त्याचे हात गुडघ्यांवरून सुटले. तो काय बोलतो याकडे तिचे लक्ष होते असे मला वाटले नाही. बोलताना तो कसा दिसतो याकडे होते. दोन मुली चित्र पाहायला आल्या आणि या दृश्याला वळसा घालून गेल्या.

ऊन खिडकीतून तिरपे होऊ लागले. मुद्रांक विक्रेत्यांनी घड्याळ दाखवले. "भाई, शाम की बस. दो टिकट ना?"

मेंढपाळाने मान न हलवता, ओठ शक्य तितके कमी उघडून उत्तर दिले. "येकच. अन् ती बी उद्याची."

मुलीचा हात थांबला. तिने वर पाहिले नाही. मग हात पुन्हा चालू लागला, आधीपेक्षा जरा जोरात.

मी कागद सरसावले. अर्ज मागे घेण्याचीही एक रीतसर भाषा असते, आणि ती माझ्याइतकी नेटकी आवारात कोणाला येत नाही. शिवाय वहीत चेहरा कितपत उतरला आहे, हे जाणकार माणसाने तपासणे आवश्यक होते. म्हणून मी मुलीच्या खांद्यामागून पुढे वाकलो, कपाळाच्या रेषेविषयी एक सूचना करण्याच्या तयारीत.

"सायेब," स्टुलावरून आवाज आला.

"बोला पाहुणे."

"जरा बाजूला सरा. मी तिला दिसंना."